पत्रिकेच्या पाकिटावर ‘रा. रा.’ कुणाला लिहायचं?

घरात लग्न निघालं, लक्ष्मी रोडवरनं पत्रिका आल्या की पाकिटांवर नावं घालायचं काम तरुण मंडळींकडे येतं, आणि आजोबांच्या यादीत नावांपुढे ‘रा. रा.’ दिसलं की सगळे अडतात. म्हणून नीट सांगतेय.

रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री. पेशवाईतल्या पत्रांची सुरुवात बघा, ‘राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री’ असा अख्खा मायना असायचा. पुढे हाच मान साध्या गृहस्थांनाही लागायला लागला आणि लिहिताना नुसता रा. रा. उरला.

हे घरच्या वडीलधाऱ्यांना लिहीत नाहीत. आईवडिलांना ती., म्हणजे तीर्थरूप. काका, मामा, मोठा भाऊ यांना ती. स्व., तीर्थस्वरूप. लहानांना चि. मग उरले शेजारी, बाबांचे ऑफिसमधले मित्र, सोसायटीचे चेअरमन, यांना रा. रा. बिनधास्त घाला. सोबत परत श्री. कशाला, एक मान पुरतो. पण ‘रा. रा. जोशीकाका’ असं नको हं, ते कानाला खटकतं, पूर्ण नाव हवं आणि पहिल्या नावाला राव किंवा पंत लागत असेल तर ते लावून, शेवटी ‘यांस’. जोडप्याला बोलवायचं असेल तर ‘रा. रा. माधवराव जोशी व सौ. वहिनी यांस’, किती छान वाटतं वाचायला!

बायकांना रा. रा. नाही. जुन्या यादीत कुणापुढे गं. भा. असेल, म्हणजे गंगाभागीरथी, तर ते मात्र तसंच उतरवू नका, प्लीज. नवरा गेल्याची खूण बाईच्या नावाला चिकटवून तिलाच आमंत्रण पाठवायचं हे मला अजिबात पटत नाही, श्रीमती लिहा.

पहिली पत्रिका कसबा गणपतीला, तिथे रा. रा. नाही, ‘श्री कसबा गणपती चरणी’ लिहायचं.

पत्त्यात मु. पो. म्हणजे मुक्काम पोस्ट, ते गावाकडच्या पाकिटांना. पुण्यातल्यांना पेठ आणि पिन पुरे, सदाशिव पेठ असेल तर ४११०३०. आणि जेल पेन नको, कोपऱ्याला हळदकुंकवाचं ओलं बोट लागलं की शाई पसरते, साधं बॉलपेन घ्या.