समुद्रशैवालाचा हर्बेरियम नमुना कसा तयार करावा

कागदावर दाबून वाळवलेले समुद्रशैवाल, म्हणजेच हर्बेरियम नमुना, पन्नास वर्षांनंतरही अभ्यासता येते. मात्र ते नीट पसरलेले असावे आणि ते कोठे, केव्हा व कशावर वाढत होते याची नोंद सोबत असावी. पुढील पद्धत कोकण व गोव्याचा खडकाळ किनारा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

पावसाळ्यानंतर पाणी निवळले की नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीचे पाणी सर्वांत खाली जाते आणि एरवी बुडालेली खडपे उघडी पडतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब येथे फार उपयोगी पडतो. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास, भरपूर उजेडात. तरीही भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावेच, आणि दीड तास आधी पोहोचून उतरत्या पाण्यामागून खाली जावे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे. तेथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उपटू नये.

जेथे एका जातीची अनेक रोपे असतील तेथूनच एक-दोन घ्यावीत. बोथट सुरीने खडकाला चिकटलेल्या बुडख्यासह रोप सोडवावे, कारण पकड कशी आहे यावरून पुष्कळदा जात ठरते. वाहून आलेली शैवाले शक्यतो टाळावीत, कारण त्यांचे मूळ ठिकाण कळत नाही. प्रत्येक नमुना समुद्राच्या पाण्याने ओलावलेल्या कापडात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, सावलीत व गारव्यात ठेवावा. ताजेपणीचा रंग तेथेच पेन्सिलीने लिहावा. वाळल्यावर तो बदलतो, आणि घरी पोहोचल्यावर आठवणीवर विसंबणे धोक्याचे असते.

दाबण्याचे काम त्याच दिवशी करावे. वाळू व शिंपले धुऊन काढण्यासाठीही समुद्राचेच पाणी वापरावे. नळाच्या गोड्या पाण्यात नाजूक लाल शैवालांच्या पेशी फुटतात आणि त्यांचे लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळून निघून जाते. पसरट ट्रेमध्ये दोन बोटे समुद्राचे पाणी घेऊन त्यात जाड, आम्लविरहित कागद बुडवावा व त्यावर रोप तरंगू द्यावे. मऊ कुंचल्याने फांद्या एकमेकींपासून सोडवाव्यात. दाट असल्यास काही कापून विरळ कराव्यात. मग बुडख्याकडची कडा प्रथम उचलून कागद अगदी सावकाश तिरका बाहेर काढावा, म्हणजे पाणी शेंड्यांच्या दिशेने ओघळते व फांद्या पसरलेल्याच राहतात. घाईने सरळ उचलल्यास सगळे रोप एका गुंत्यात गोळा होते. तसे झाले तर कागद पुन्हा पाण्यात सोडावा, बोटांनी ओढाताण करू नये.

निथळलेल्या कागदावर मलमलचा तुकडा, त्यावर टीपकागद किंवा वर्तमानपत्राचे थर, आणि वर फळी व वजन ठेवावे. मलमल नसेल तर शैवालाच्या चिकट द्रवाने वर्तमानपत्रच नमुन्याला चिकटते. पहिल्या दिवशी कागद दोन-तीनदा व पुढे रोज बदलावेत. उन्हात वाळवू नये. नमुना कडकडीत वाळल्यावरच मलमल एका टोकाकडून हलकेच सोलून काढावी. हिरवे उल्व्हा व लाल ग्रॅसिलेरिया ही शैवाले बहुधा आपल्याच डिंकाने कागदाला धरून राहतात. जाड, तपकिरी सारगॅसमला मात्र कागदी पट्ट्यांनी बांधावे लागते. चुन्याने कडक झालेली शैवाले दाबताच मोडतात, ती खोक्यात वाळवून ठेवलेली बरी.

खाडीच्या चिखलात हॅलोफिलासारखे सागरी गवत आढळल्यास ते शैवाल समजू नये. ती मुळे, जमिनीखालचे आडवे खोड आणि फुले असलेली खरी सपुष्प वनस्पती आहे, म्हणून नोंदीत ती वेगळी दाखवावी. एवढ्यासाठी तिचा गालिचा उकरू नये, छायाचित्र पुरे आहे.

शेवटी कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावावी: नाव (खात्री नसल्यास फक्त प्रजातीगट), तारीख, गाव व अक्षांश-रेखांश, ओहोटीच्या रेषेपासूनची पातळी, खडक की वाळू, ताजा रंग, गोळा करणाऱ्याचे नाव. पुढे जनुकीय तपासणी करायची शक्यता असेल, तर रोपाचा छोटा तुकडा दाबण्यापूर्वीच सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) वेगळा ठेवून त्यावरही तोच क्रमांक घालावा. तयार कागद हवाबंद डब्यात ठेवावेत आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बुरशीसाठी तपासावेत, कारण शैवालातील मीठ दमट हवेतले पाणी ओढून घेते.