परदेशात सेवा करायला निघालात? आधी या चुका टाळा

परीक्षा संपल्या की नागपुरात दरवर्षी एक लाट येते. कुणाला केनियात शाळा बांधायची असते, कुणाला नेपाळमध्ये मुलांना शिकवायचं असतं, कुणी जर्मनीतल्या वृद्धाश्रमाचं पत्र घेऊन येतं. ही मुलं आणि त्यांचे आईवडील निघण्याआधी माझ्याकडे कागद दाखवायला येतात. निघण्याआधी म्हणजे तिकीट काढून झाल्यावर. नवीन चुका करणारा अजून कुणी भेटलेला नाही, त्याच त्या चुका करतात सगळे. त्या एकदाच्या लिहून ठेवतो.

"पगार नाही ना, मग टुरिस्ट व्हिसा चालतो"

चालत नाही. ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिचाच आधी निकाल लावतो.

बहुतेक देशांत कायदा कामाबद्दल विचारतो, पगाराबद्दल नंतर. वर्गात उभं राहून शिकवलंत, दवाखान्यात पट्ट्या बांधल्यात, की ते काम झालं. टांझानियात स्वयंसेवकाला 'क्लास सी' नावाचा वेगळा निवास परवाना लागतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत सेवा करता येते. त्याहून जास्त करायची तर चॅरिटी वर्कर व्हिसा काढायचा, आणि त्याचीही मुदत जास्तीत जास्त १२ महिने. प्रत्येक देशाचं गणित निराळं, त्यामुळे मामेभाऊ कॅनडाला कसा गेला हे मला सांगू नका.

मनीषनगरचा एक पोरगा. इंजिनिअर, मनाने चांगला, पण घाई भारी. एका एजंटाने त्याला किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी गावातल्या शाळेत गणित शिकवायला पाठवलं, टुरिस्ट व्हिसावर. "काका, सगळे असेच जातात," हे एजंटाचं वाक्य तो मलाच ऐकवून गेला. थोड्याच दिवसांत शाळेत इमिग्रेशनचे दोन अधिकारी आले. हा फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करत होता. पासपोर्ट मागितला, परवाना मागितला. याने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं की मी एक पैसा घेत नाही, उलट मीच पैसे भरून आलोय. अधिकाऱ्याने फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मग हे कोणी लिहिलं?"

पासपोर्ट ताब्यात, दंड, देश सोडायची नोटीस. तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले, इकडे साडेअकरा. त्याचे बाबा मला फोन करून विचारत होते, "दूतावासात आपल्या ओळखीचं कोणी आहे का हो?" एजंटाचा फोन अर्थातच बंद. पोरगा परत आला, चार महिने तोंड लपवून बसला, पण तो निभावला. निस्तरावं लागलं ते शाळेला. याच्या भरवशावर त्यांनी गणिताच्या मास्तरांना दुसऱ्या वर्गावर टाकलं होतं. सत्राच्या मध्यात तो वर्ग रिकामा झाला आणि मुख्याध्यापकांना इमिग्रेशनच्या कचेरीत खेटे घालावे लागले, ते वेगळंच.

माझी सवय सांगतो. यजमान संस्थेला एकच प्रश्न लिहून पाठवायचा: माझ्यासाठी कोणता परवाना काढणार आणि अर्ज कोण भरणार? उत्तरात परवान्याचं नाव आलं तर पुढे बोलायचं. 'डोन्ट वरी' आलं तर तिथेच थांबायचं. मग त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर जाऊन स्वतः वाचायचं. एजंटाने वाचून दाखवलेलं धरायचं नाही. आणि वेळ हातात ठेवा. बायोमेट्रिकसाठी मुंबई गाठावी लागली तर दुरांतोचं आरक्षण तुमच्या उत्साहाकडे बघून मिळत नाही.

जाता जाता: परदेशासाठी लागणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून काढतात. ठाण्यातून आणलेला चारित्र्याचा दाखला तिकडे कुणी बघत नाही. तरी दरवर्षी दोघंतिघं तोच लॅमिनेट करून आणतात.

बोलावणं नसताना पाहुणचार

दुसरी चूक समजायला टांझानिया-युगांडा गाठायची गरज नाही, कारण पाहुणे आपल्याकडेही येतात. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत युरोपातून चारपाच तरुण आले होते. काम ठरलं अंगणवाडी रंगवायचं. कुणी ठरवलं? त्यांनीच, तिकडून निघायच्या आधी. जूनचा पहिला आठवडा, अंगाची लाही होत होती. सेविकाताईंनी त्यांच्यासाठी खुर्च्या मागवल्या, थंड पाण्याचे कॅन मागवले, दुपारी कुणाला ऊन लागलं तर त्याच्या डोक्यावर ओला पंचा धरला. इकडे पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपमधल्या नोंदी राहिल्या, मुलांची वजनं राहिली, गरोदर बायांच्या घरी जायचं राहिलं. पाहुण्यांनी मन लावून काम केलं हे खरं. भिंतीवर पेंग्विन काढला, इंग्रजी अक्षरं काढली, फोटो निघाले, टाळ्या झाल्या.

पहिल्या दणक्याच्या पावसात पेंग्विन पोपडे धरून खाली आला. भिंतीत ओल होती, कारण वरचे पत्रे गळत होते. त्या पत्र्यांसाठी ताईंचा अर्ज आधीपासून पडून होता. मी विचारलं, ताई, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "भाऊ, कोणी पुसलंच नाही. भिंत कुठं गळून राह्यली, छप्पर गळून राह्यलं."

आता त्या तरुणांच्या जागी स्वतःला ठेवा आणि अंगणवाडीच्या जागी युगांडातल्या कंपालाजवळची शाळा. तुमचं 'डिजिटल साक्षरता शिबिर' तिथे कुणी मागितलंय? की ते तुमच्या सीव्हीने मागितलंय?

हा प्रश्न आजचा नाही. पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, व्हर्दूनजवळ एन नावाचं उद्ध्वस्त फ्रेंच खेडं पुन्हा उभं करायला तो काही साथीदार घेऊन गेला. त्यांत जर्मनही होते. हेतू थोर, हात कष्टाळू. पण गावाला जर्मन नको होते आणि काही महिन्यांत मंडळींना तिथून निघावं लागलं. त्या कामातून पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. १९३४च्या भूकंपानंतर हाच सेरेसोल बिहारमध्ये आला आणि पुढची काही वर्षं येत राहिला. गावकऱ्यांसोबत राहून नवी घरं बांधण्यात त्याने हात लावला. इतक्या मोठ्या माणसालाही गावाची हो-नाही ऐकावी लागली. आपण तर दोन महिन्यांची सुट्टी घेऊन निघालेलो.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पहिला आठवडा काही 'सुरू' करू नका. भांडी घासा, रजिस्टरवर आकडे उतरवा, सामान उचला, स्थानिक कार्यकर्त्याच्या मागे मागे फिरा. आधीचा स्वयंसेवक काय करून गेला आणि त्यातलं आज काय चालू आहे, हे विचारा. उत्तर ऐकताना समोरच्याचा चेहराही बघा.

आणि निघण्याआधी इथे थोडं राबून घ्या. बाबा आमट्यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते, चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात. नाहीतर दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा दिवसभर पाणी वाटायला उभे राहा. तिथे तुमचं नाव कुणी विचारणार नाही आणि फोटोही काढणार नाही. ज्याला तेवढ्यानेच कंटाळा येतो त्याने विमानाचे पैसे वाचवावेत. हे बोललं की पालक नाराज होतात. होऊ देत.

अनाथाश्रम

नागपूरहून गोरखपूरची गाडी, पुढे सोनौलीची सीमा, भारतीयांना व्हिसाची गरज नाही. म्हणून नेपाळ सगळ्यांना सोपं वाटतं आणि तिथे पहिली निवड असते अनाथाश्रमाची. माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं काठमांडूत आणली गेली, त्यांचे आईवडील जिवंत असताना त्यांना अनाथ म्हणून दाखवलं गेलं, हे उघडकीला आलेलं आहे. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की मुलांची 'गरज' वाढते. शिवाय दर पंधरा दिवसांनी नवीन दादा-ताई येऊन लळा लावून निघून जातात, ते त्या लेकरांनी किती वेळा सोसायचं?

पारख सोपी आहे. पोलीस क्लिअरन्स न मागता, कुणाचा संदर्भ न घेता, तुम्हाला थेट मुलांच्या खोलीत सोडणारी संस्था चांगली नसते. तुम्ही सज्जन आहात हे त्यांना कसं कळलं?

बाकीच्या, थोडक्यात

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस शेवटच्या आठवड्यात घेणारे दरवर्षी निघतात. लसीचा दाखला ती घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो, आणि लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, गल्लीतल्या डॉक्टरकडे नाही. युगांडा प्रवेशालाच दाखला मागतं. केनिया-युगांडाहून परतताना तो नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. २०१६पासून हा दाखला आयुष्यभर चालतो, तेव्हा दाखल्याचं ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा.

'संयुक्त राष्ट्रांत निवड झाली, फक्त नोंदणी शुल्क भरा' असं पत्र आलं तर ते फाडा. यूएन व्हॉलंटिअर्स शुल्क घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देते. एखादी छोटी संस्था राहण्या-जेवणाचा खर्च मागते, ते रास्त आहे. हिशोब मात्र लेखी घ्या.

जर्मनीत वर्षभर स्वयंसेवा करायला जायचं तर आधी जर्मन शिका. वृद्धाश्रमातल्या आजींना तुमचं इंग्रजी कळणार नाही आणि मोबाइलमधलं भाषांतर त्यांना आंघोळ घालताना उपयोगाचं नाही.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने हवी. विमा घेताना रुग्णाला मायदेशी हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा. भिंती बांधायला जाऊ नका, तिकडेही गवंडी आहेत आणि त्यांना मजुरी हवी आहे. मुलांचे फोटो टाकू नका. का, म्हणून विचारणाऱ्याला मी त्याच्या भाचीचा फोटो मागतो.

आणि मलेरिया. "आमच्या गडचिरोलीतही मलेरिया आहे, आम्हाला काय होते" असं म्हणणारे मला फार भेटतात. जाण्याआधी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्या. डॉक्सीसायक्लिन दिली असेल तर घरी परतल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची असते. विमानातून उतरल्या उतरल्या ती बंद करू नका. आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत गेल्यावर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही आफ्रिकेत होतात.