कॉलेजच्या ख्रिस्ती गटात पाहुणा वक्ता बोलवताना: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

वक्ता नामवंत, पोस्टर देखणे, हॉल भरलेला. तरीही पुढच्या आठवड्याच्या बायबल अभ्यासाला नेहमीचेच दहा जण. बहुतेक गटांचा हा अनुभव असतो, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते. सगळी तयारी भाषणाची होते. ऐकणाऱ्याच्या प्रश्नाला जागा ठेवलेलीच नसते. म्हणून सुरुवातीपासूनच प्रश्नोत्तरे आणि पुढची भेट डोळ्यांसमोर ठेवून आखणी करा.

१. सहा ते आठ आठवडे आधी: कोणासाठी?
कार्यक्रम सभासदांच्या वाढीसाठी आहे की सर्वांसाठी खुला, हे आधी ठरवा. दोन्ही एकात बसवू नका. खुल्या सभेत ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘साक्ष’ हे शब्द न उलगडता वापरले की नवा माणूस पाच मिनिटांत परका होतो. गाणीही जपून निवडा. ज्याला ओळी ठाऊक नाहीत त्याला सलग चार गीते उभे राहून ऐकणे अवघड जाते. एक पुरे, तेही शब्द पडद्यावर दाखवून.

विषय समितीच्या बैठकीत बसून ठरवू नका. कँटीनमध्ये, हॉस्टेलवर पंधरा-वीस विद्यार्थ्यांना विचारा, ‘देवाबद्दल एकच प्रश्न विचारता आला तर कोणता विचाराल?’ जो प्रश्न पुन्हा पुन्हा येईल तोच विषय. ‘ख्रिस्तातील विजयी जीवन’ यापेक्षा ‘देव चांगला असेल, तर इतके दुःख का?’ हे शीर्षक वाचून माणूस थांबतो. तारीख पक्की करण्याआधी परीक्षेचे आणि महोत्सवाचे वेळापत्रक पाहा.

२. वक्ता निवडणे आणि निमंत्रण
वक्त्याचे किमान एक पूर्ण भाषण दोघांनी तरी ऐकलेले असावे, शक्यतो प्रश्नोत्तरांसह. उत्तम उपदेशक अवघड प्रश्नापुढे चिडतो, असेही घडते. गटाच्या सल्लागाराशी किंवा चर्चच्या पाळकांशी बोलून घ्या. विद्यापीठांत श्रद्धेच्या प्रश्नांवर जाहीर चर्चा घडवणारा व्हेरिटास फोरम १९९२ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झाला; त्याच्या अनेक कार्यक्रमांत ख्रिस्ती वक्त्यासमोर वेगळ्या मताचा अभ्यासक बसतो. असा संवाद जमवता आला तर जरूर करा. मात्र मध्यस्थ निष्पक्ष हवा.

निमंत्रण लेखी द्या. त्यात तारीख, जागा, श्रोते कोण आणि अंदाजे किती, भाषा, भाषणाची नेमकी मिनिटे, प्रश्नोत्तरे असतील ही गोष्ट, प्रवास व मुक्कामाची सोय, मानधन आणि रेकॉर्डिंगची परवानगी हे सारे असू द्या. आणखी दोन गोष्टी स्पष्ट लिहा: मंचावरून देणगीचे आवाहन होणार नाही, आणि इतर धर्मांवर किंवा पंथांवर टीका होणार नाही. संकोचाने हे लिहायचे टाळले की नेमके तेच मंचावर घडते. प्रवासखर्च आणि मानधन वेगवेगळे द्या, आणि वक्ता निघण्याआधी द्या.

३. जागा आणि प्रसिद्धी
परवानगीचा अर्ज चार आठवडे आधी. पन्नास जण अपेक्षित असतील तर साठ खुर्च्यांची खोली घ्या. दोनशेंच्या सभागृहात तेच पन्नास जण विखुरतात आणि प्रश्न विचारायला कोणी धजावत नाही.

पोस्टरवर गटाचे नाव ठळक हवे. ख्रिस्ती ओळख लपवून ‘तणावमुक्तीचे व्याख्यान’ म्हणून बोलावलेला विद्यार्थी फसवल्यासारखा परततो, आणि तो विश्वास सहसा पुन्हा मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश आठवणीपुरता. माणसे येतात ती ओळखीच्याने सोबत नेल्यामुळे. प्रत्येक सभासदाने दोघांना स्वतः विचारावे आणि त्यांच्याच शेजारी बसावे.

४. त्या दिवशी
सव्वा तास पुरतो: स्वागत व परिचय ७ मिनिटे, भाषण ३०, प्रश्नांच्या चिठ्ठ्या लिहिण्यासाठी ३, प्रश्नोत्तरे ३०, समारोप ५. परिचय चार वाक्यांचा. पदव्यांची यादी वाचू नका. पहिल्या रांगेतल्या एकाकडे उरलेली मिनिटे दाखवायला ‘१०’, ‘५’, ‘१’ असे मोठे आकडे लिहिलेली कार्डे द्या आणि वक्त्याला तो आधीच दाखवून ठेवा.

चिठ्ठ्यांच्या त्या तीन मिनिटांत घाई करू नका. भाषण संपताच कागद-पेन प्रत्येकाच्या हातात हवे, म्हणून ते आधीच खुर्चीवर ठेवा. माइकवर बोलायला लाजणारा विद्यार्थी खरा प्रश्न कागदावरच लिहितो. नाव लिहायला सांगू नका. सारखे प्रश्न सूत्रसंचालकाने एकत्र करावेत; अवघड प्रश्न मात्र गाळू नयेत, कारण लिहिणारा समोरच बसलेला असतो. श्रोत्यांचा माइक स्वयंसेवकानेच धरावा. तो हातात दिला की प्रश्नाचे भाषण होते. ‘याचे उत्तर मला माहीत नाही’ असे म्हणायला वक्ता मोकळा आहे, हे त्याला आधीच सांगा.

नंतर अर्धा तास चहापाणी ठेवा. वक्त्याला समितीने घेरून बसू नये. नव्यांना त्याच्याशी बोलता आले पाहिजे. वैयक्तिक बोलणे उघड्या जागी, इतरांच्या नजरेसमोर व्हावे. प्रार्थना करायची तर आधी विचारावे. विश्वास जाहीर करण्यासाठी आधी न सांगता हात वर करायला किंवा पुढे यायला लावू नका.

५. पुढचे दोन दिवस
प्रेषित पौल अथेनैला (अथेन्समध्ये) बोलला तेव्हा काहींनी थट्टा केली, काहींनी विश्वास ठेवला आणि काही म्हणाले, पुन्हा ऐकू (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७). ‘पुन्हा ऐकू’ म्हणणारे तुमच्याही सभेत असतात. त्यांच्यासाठी पुढची भेट आठवड्याच्या आत ठेवा आणि तिची तारीख, जागा समारोपातच जाहीर करा. संपर्क कार्ड ऐच्छिक असावे. ज्याने ‘माहिती हवी’ यावर खूण केली त्यालाच ४८ तासांत संदेश पाठवा, तोही सोबत आणणाऱ्या मित्राकडून. बाकीची कार्डे फाडून टाका.

वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्या जपून ठेवा. त्यातल्या तीन-चार आभारपत्रासोबत वक्त्याला पाठवून लेखी उत्तरे मागवा आणि पुढच्या भेटीत त्यांवरच चर्चा घ्या.