मंडळाच्या वास्तूसाठी जुन्या कारखान्याची जागा घेताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत मंडळाला स्वतःची वास्तू हवी असली, की परवडणारी जागा बहुतेकदा जुन्या कारखान्याची, गोदामाची किंवा ड्रायक्लीनरची निघते. अशा जमिनीत जुनं प्रदूषण असण्याची शक्यता असते; तिला ब्राऊनफील्ड म्हणतात. तिच्या सफाईसाठी ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याचं, ब्राऊनफील्ड अनुदान आहे. ते ना-नफा संस्थांनाही मिळतं. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या कार्यक्रमाला १५० कोटी डॉलर दिले. हे पैसे हुकतात ते बहुधा कामांचा क्रम चुकल्यामुळे.

आधी खरेदी, मग तपासणी

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. १९८० च्या सुपरफंड कायद्यानुसार प्रदूषण कुणीही केलेलं असो, आजचा मालकही जबाबदार धरला जातो. २००२ च्या दुरुस्तीने यातून वाट काढली: जागा ताब्यात घेण्यापूर्वी रीतसर चौकशी केली असेल आणि पुढेही काळजी घेतली, तर मालकाला संरक्षण मिळतं. ही चौकशी म्हणजे फेज वन. त्यात माती खणत नाहीत. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, सरकारी नोंदी, आधीच्या मालकांच्या मुलाखती आणि जागेची पाहणी एवढंच असतं. पण ती खरेदीनंतर केली, तर संरक्षणही जातं आणि रासायनिक प्रदूषणाच्या सफाईचं अनुदानही सहसा हातचं जातं.

कुणी जागा दान दिली तरी हाच नियम. फुकट मिळतेय म्हणून घाईने सह्या करू नका.

तारखांकडे नीट बघा. मुलाखती, नोंदींची तपासणी, सफाईच्या खर्चापोटी जागेवर चढलेल्या बोजांचा शोध, प्रत्यक्ष पाहणी आणि तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र ही पाचही कामं ताबा घेण्यापूर्वीच्या १८० दिवसांत झालेली हवीत. मोजणी अहवालावरच्या तारखेपासून होत नाही. सर्वांत आधी झालेल्या कामापासून होते. समजा, मुलाखत १० जानेवारीला झाली, अहवालावर सही २० फेब्रुवारीला झाली आणि क्लोजिंग, म्हणजे जागा नावावर होण्याचा व्यवहार, लांबत २५ जुलैवर गेलं. मुखपृष्ठ पाहून अहवाल पाच महिन्यांचाच वाटतो, पण मुलाखतीची मुदत ९ जुलैलाच संपलेली असते. क्लोजिंग पुढे ढकललं, की सल्लागाराला त्याच दिवशी फोन करा आणि जुनी झालेली कामं ताजी करून घ्या. अहवाल मंडळाच्या नावावर आहे ना, हेही तपासा. विकणाऱ्याने स्वतःसाठी करून घेतलेला अहवाल तसाच चालत नाही.

फक्त फेज वनवर थांबणं

फेज वन केंद्राच्या कायद्यापुरतं. न्यू जर्सीच्या स्वतःच्या कायद्याखाली संरक्षण हवं असेल, तर राज्याच्या तांत्रिक नियमांप्रमाणे प्रिलिमिनरी असेसमेंट, म्हणजे प्राथमिक तपासणीही लागते. दोन्ही कामं एकाच वेळी द्या, खर्च वाचतो. हडसन काउंटीत तर हे टाळूच नका: जर्सी सिटी आणि कर्नीच्या क्रोमेट कारखान्यांचा, म्हणजे क्रोमियमची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांचा, कचरा तिथे कित्येक ठिकाणी भरावासाठी वापरला गेला. जागेवर कधी कारखाना नव्हता म्हणून जमीन स्वच्छ, असं समजू नका.

अर्जाच्या वेळी अडणं

सफाईच्या अनुदानासाठी अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत जागा मंडळाच्या मालकीची हवी आणि फेज टू, म्हणजे माती-पाण्याच्या नमुन्यांचा अहवाल, निदान मसुद्याच्या रूपात हातात हवा. अर्जाचा आणि सफाईच्या पर्यायांचा मसुदा किमान १४ दिवस आधी लोकांसमोर ठेवून जाहीर सभा घ्यावी लागते. मंडळाची सर्वसाधारण सभा म्हणजे ही सभा नव्हे. शेजारच्या वस्तीतल्या लोकांना बोलवा आणि त्यांचं मनापासून ऐका. त्या जमिनीची झळ इतकी वर्षं त्यांनीच सोसलेली असते.

सॅमची, म्हणजे केंद्राच्या अनुदानासाठी लागणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरची, नोंदणी आतापासूनच सुरू करा. मंडळाचा पत्ता अजून दोन खजिनदारांपूर्वीच्या घरचा आणि नावाचं स्पेलिंग आयआरएसकडे, म्हणजे केंद्रीय आयकर खात्याकडे, वेगळं, राज्याकडे वेगळं, अशी स्थिती असली की कागदपत्रं जुळेपर्यंत आठवडे जातात. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरणही लागतं.

हॉल बांधायला मात्र या अनुदानातून पैसे मिळत नाहीत. वास्तूनिधी वेगळाच उभा करा.

फेज टूला पैसेच नसतील तर

आधी नगरपालिकेत विचारा. तिच्याकडे ब्राऊनफील्ड तपासणीचं अनुदान आधीच असेल, तर तुमची जागा त्यात घालून घेता येते. त्यासाठी जागा तिच्या मालकीची असावी लागत नाही. ईपीए काही जागांची तपासणी स्वतःच्या कंत्राटदाराकडूनही करून देते, त्याला टार्गेटेड ब्राऊनफील्ड्स असेसमेंट म्हणतात.

चौकशी न करताच जागा घेऊन झाली असेल तर

प्रदूषण फक्त पेट्रोल-डिझेलचं असेल, उदाहरणार्थ जुन्या पंपाच्या टाकीचं, तर पात्रतेचे निकष वेगळे असतात आणि दार उघडं असू शकतं. अर्ज लिहायला घेण्यापूर्वीच ईपीएच्या विभागीय ब्राऊनफील्ड अधिकाऱ्याला खरेदीची तारीख आणि कागदपत्रं दाखवून पात्रतेबद्दल विचारा. दरम्यान आवारात गळकी पिंपं किंवा उघड्या टाक्या असतील, तर आधी गळती थांबवा आणि जागेला कुंपण घाला.