हिरवा स्फटिक आणि वाया गेलेले सात महिने

क्ष-किरणांनी प्रथिनाच्या स्फटिकाची रचना काढताना लहरींची कला (फेज) थेट मोजता येत नाही; ती स्फटिकात शिरवलेल्या जड अणूंच्या संकेतावरून काढतात, यालाच फेजिंग म्हणतात. मोठ्या प्रथिनसंकुलात पाऱ्याच्या एक-दोन अणूंचा संकेत बुडून जातो, म्हणून तिथे टँटलम ब्रोमाइडचा क्लस्टर, म्हणजे अणूंचा घट्ट पुंजका, वापरतात. सहा टँटलम आणि बारा ब्रोमीन मिळून साडेआठशेंहून अधिक इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी येतात. माझा रंगहीन स्फटिक रात्रभर भिजवल्यावर भोवतालच्या द्रावापेक्षाही गडद हिरवा झाला, तेव्हा काम फत्ते झाले असे मी मानले. क्लस्टर स्फटिकात शिरला आहे, एवढेच तो रंग सांगतो. तो ठरावीक जागी बसला आहे की नाही, हे सांगत नाही.

खरी चूक मात्र पुढे झाली. माझ्या डेटाचे विभेदन, म्हणजे तपशिलाची बारकाई, 3.4 अँगस्ट्रॉमपर्यंत होती (आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक) आणि मी तो सगळाच्या सगळा क्लस्टरच्या जागा शोधणाऱ्या प्रोग्रामला दिला. क्लस्टर एकाच जागी निरनिराळ्या दिशांनी वळून बसत असेल, तर क्ष-किरणांना तो गोलासारखा दिसतो. केंद्रापासून टँटलम सुमारे 2 अँगस्ट्रॉमवर असतात. साधारण 6 अँगस्ट्रॉमपेक्षा ढोबळ विभेदनाला (म्हणजे 6 हून मोठ्या आकड्याला) ते बऱ्याच अंशी एकसाथ विकिरण करतात आणि एखाद्या महाअणूसारखे वागतात; 4 अँगस्ट्रॉमच्या आसपास त्यांचा एकत्रित अनोमलस संकेत (जड अणू ठरावीक क्ष-किरण शोषतात, त्यामुळे मिळणारा खास फरक) शून्यावर येतो आणि त्यापुढे त्याचे चिन्हच उलटते. म्हणजे बारीक विभेदनाचे परावर्तन मदत करत नव्हते, शोधाला चुकीच्या दिशेने ओढत होते. कृपा करून पहिला शोध 6 ते 6.5 अँगस्ट्रॉमवरच थांबवा, आणि क्लस्टरला एकच टँटलम अणू समजू नका. पुढचे विभेदन घनता-सुधारणेने (इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा गणिताने सुधारून) आणि संकुलातल्या सारख्या भागांची सरासरी काढून गाठता येते.

तयार पाइपलाइन (सगळ्या पायऱ्या आपोआप करणारी प्रोग्रामांची साखळी) बटण दाबताच उत्तर देते, पण डेटा कुठे कापला हे विचारत नाही, म्हणून नवख्याने पहिला डेटा तरी हाताने प्रक्रिया करावा, असे माझे ठाम मत आहे. मार्गदर्शकही असा निवडावा, जो नकाशाआधी अनोमलस सहसंबंधाचा आलेख, म्हणजे कोणत्या विभेदनापर्यंत तो संकेत खरा आहे हे दाखवणारा आलेख, मागेल.

सुरुवातीचा नकाशा ओबडधोबड दिसला, तरी खचू नका. 50एस या रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्राच्या) मोठ्या उपघटकाचा 1998 मधला नकाशा 9 अँगस्ट्रॉमचाच होता. त्यातही टंगस्टनचा क्लस्टर उपयोगी पडला, आणि 2000 मध्ये तीच रचना 2.4 अँगस्ट्रॉमपर्यंत पोहोचली. मलाही नवा स्फटिक लागला नाही. जुनाच डेटा 6.5 अँगस्ट्रॉमवर कापला आणि क्लस्टरच्या जागेचे शिखर स्वच्छ वर आले.