घरांलगतच्या द्राक्षबागेत फवारणी करताना
बांधाला लागूनच घरे असतील, तर ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारताना कडेच्या ओळीत घरांच्या बाजूचे नोझल बंद ठेवून फवारा बागेच्या आतल्या दिशेनेच सोडावा. पहाटे वारा पडलेला असतो म्हणून ती वेळ सुरक्षित वाटते. परंतु जमिनीलगतच्या थंड हवेत बारीक तुषार न विरता तरंगत राहतात आणि हळूहळू घरांकडे सरकतात, त्यामुळे ऊन चढू लागून मंद वारा घरांकडून बागेकडे वाहत असेल, तेव्हाच सुरुवात करणे बरे. शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळी सांगावे. वाळत घातलेले कपडे निघतात, पाण्याच्या टाकीचे झाकण लागते. लेबलवर लाल त्रिकोण असलेले, म्हणजे अत्यंत विषारी, औषध अशा कडेला शक्यतो टाळावेच. तरीही कोणाला मळमळ किंवा चक्कर आली, तर डब्यासोबतचे माहितीपत्रक डॉक्टरांकडे न्यावे.