एकशेवीस हप्ते : अमेरिकेत लोकसेवेतील वकिलाने शैक्षणिक कर्ज कसे फेडावे

पुण्यात कायद्याची पदवी घेऊन मी लग्नानंतर न्यू जर्सीत आले, तेव्हा इथे वकिली करायची तर तीन वर्षांची जेडी पदवी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागेल हे मला ठाऊक होते. ती पदवी घेऊन गरिबांच्या बाजूने उभे राहणारी वकिली करायची असेल, तर कर्जाचे गणित कायद्याइतकेच नीट शिकावे लागेल हे मात्र कोणीही सांगितले नव्हते. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत माझ्या नावावर १ लाख ३२ हजार डॉलर कर्ज झाले. पहिली नोकरी मिळाली ती घरभाड्याच्या आणि बेदखलीच्या खटल्यांत भाडेकरूंना मोफत मदत करणाऱ्या लीगल एड कार्यालयात, वर्षाला ४५ हजार डॉलर पगारावर. सांगलीहून वडिलांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता : ‘मुद्दल किती आणि हप्ता किती?’ दहा वर्षांत फेडायच्या साध्या योजनेचा हप्ता महिन्याला सुमारे १,५३० डॉलर होता, म्हणजे हाती पडणाऱ्या पगाराचा अर्ध्याहून मोठा भाग. ते ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

हे कर्ज मार्च २०२५ मध्ये संपले. मी एकूण सुमारे २४ हजार डॉलर भरले आणि उरलेले सुमारे १ लाख ६४ हजार डॉलर माफ झाले. ही कोणाची मेहेरबानी नव्हती, कायद्याने ठरवून दिलेला तो हक्क होता. परंतु तो हक्क कागदपत्रांच्या आधारेच मिळतो आणि त्या कागदपत्रांची काळजी पहिल्या महिन्यापासून घ्यावी लागते. मी ती घेतली नव्हती, म्हणून हे लिहीत आहे.

ज्या कायद्याने हा हक्क दिला तो सप्टेंबर २००७ मध्ये संमत झाला. लोकसेवा कर्जमाफी, म्हणजे इथे सगळे जिला पीएसएलएफ म्हणतात ती योजना, त्यातून आली. तिचा गाभा चार अटींचा आहे आणि या चारही अटी एकाच महिन्यात एकत्र पूर्ण झाल्या तरच तो महिना मोजला जातो. कर्ज केंद्र सरकारच्या ‘डायरेक्ट लोन’ प्रकारचे असावे. नोकरी सरकारी कार्यालयात किंवा ५०१(सी)(३) दर्जाच्या नफारहित संस्थेत असावी. काम पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला किमान तीस तासांचे असावे. आणि हप्ता उत्पन्नावर आधारित योजनेतला किंवा दहा वर्षांच्या साध्या योजनेतला असावा. असे १२० महिने भरले की उरलेली बाकी माफ होते. ते महिने सलग असण्याची सक्ती नाही आणि माफ झालेल्या रकमेवर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही. शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण उत्पन्नावर आधारित योजनेत वीस-पंचवीस वर्षांनी जी सर्वसाधारण माफी मिळते ती २०२६ पासून पुन्हा करपात्र झाली आहे, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते.

माझी चूक चौथ्या अटीत झाली. डिसेंबर २०१४ मध्ये पहिला हप्ता येणार होता. कर्जाची वसुली सांभाळणाऱ्या कंपनीला मी फोन केला आणि हप्ता कमी करून मागितला. पलीकडच्या व्यक्तीने अतिशय सौजन्याने मला विस्तारित मुदतीच्या, हप्ता हळूहळू वाढत जाणाऱ्या योजनेत घातले. हप्ता ७८० डॉलरवर आला आणि मी सुटकेचा श्वास सोडला. ती योजना पीएसएलएफला चालत नाही, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. पुढचे तेरा महिने मी ओढाताण करून पैसे भरले आणि त्यातला एकही महिना मोजला गेला नाही. २०१५ च्या शेवटी कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी माझे कागद पाहिले आणि त्याच आठवड्यात माझ्याकडून ‘पे ॲज यू अर्न’ या उत्पन्नावर आधारित योजनेचा अर्ज भरून घेतला. जानेवारी २०१६ पासून हप्ता १८३ डॉलर झाला. अधिक पैसे भरूनही माझे तेरा महिने वाया जात होते आणि कमी पैसे भरून ते मोजले जाऊ लागले. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिल्यांदा सांगते, कारण पैसे जास्त भरणे म्हणजे अधिक प्रामाणिकपणे कर्ज फेडणे हा आपल्याकडचा संस्कार इथे नुकसान करतो.

त्या हप्त्याचे गणित असे. करपात्र ठरणाऱ्या समायोजित उत्पन्नातून दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम वजा करायची आणि उरलेल्याचा दहावा भाग वर्षाचा हप्ता मानायचा. आजच्या भाषेत सांगायचे तर एकट्या माणसाचे असे उत्पन्न ५८ हजार डॉलर असेल आणि २०२५ ची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे २८८ डॉलर येतो. कर्ज ८० हजार असो की दोन लाख, हप्ता तोच. लग्न झालेले असेल तर आणखी एक निर्णय येतो. माझे यजमान अभियंते आहेत आणि आम्ही प्राप्तिकराचे विवरण एकत्र भरले असते तर त्यांचा पगार माझ्या हप्त्यात धरला गेला असता. म्हणून आम्ही विवरणे वेगवेगळी भरली. त्यात काही करसवलती गेल्या, विद्यार्थी कर्जाच्या व्याजाची वजावटही गेली, तरी वर्षाच्या हिशेबात आम्ही फायद्यातच राहिलो. हा हिशेब दरवर्षी दोन्ही बाजूंनी मांडून पाहावा, कारण मूल झाले किंवा एकाचा पगार बदलला की उत्तरही बदलते.

हप्ता व्याजापेक्षा लहान असल्यामुळे बाकी वाढत जाते. दर महिन्याचे विवरणपत्र उघडले की आकडा मागच्यापेक्षा मोठा. वडिलांना मी तो सांगणेच बंद केले होते, कारण ज्या माणसाने सोसायटीचे कर्ज मुदतीआधी फेडले त्याला ही रीत पटवून देणे मला जमत नव्हते. पीएसएलएफच्या वाटेवर असलेल्याने बाकीकडे पाहू नये, मोजलेल्या महिन्यांकडे पाहावे. मात्र त्याच कारणाने ही वाट मध्येच सोडणे महाग पडते : सहा वर्षांनी खासगी फर्ममध्ये गेलात तर वाढलेली बाकी तुमचीच असते.

नोकरीच्या अटीबाबत वकिलांनी विशेष सावध असावे, कारण आपल्या क्षेत्रात काम लोकसेवेचे आणि मालक मात्र खासगी असे पुष्कळदा घडते. पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे गरीब आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात पगारी नोकर असलेला वकील पात्र ठरतो. पण न्यायालयाच्या यादीवरून नेमणूक घेऊन, प्रत्येक प्रकरणामागे शुल्क मिळवून तेच काम करणारा वकील बहुतेक वेळा स्वतंत्र कंत्राटदार असल्याने पात्र ठरत नाही. नागरी हक्कांचे खटले लढवणारी खासगी फर्म कितीही चांगले काम करीत असली तरी ती चालत नाही. त्यामुळे नोकरीचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी, पगाराच्या डब्ल्यू-टू कागदावर ज्या संस्थेचा ओळख क्रमांक येणार आहे तो मागून घ्यावा आणि स्टुडंटएड डॉट जीओव्ही या सरकारी संकेतस्थळावरच्या मालक-शोधात टाकून पाहावा.

दुसरी शिस्त नोकरीच्या दाखल्याची. हा फॉर्म दहा वर्षांनी एकदाच भरला तरी कायद्याने चालतो, पण तसे करणाऱ्यांचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पहिले कर्जदार पात्र होऊ लागले आणि जून २०१८ अखेरच्या सरकारी आकडेवारीत सुमारे २८ हजार अर्जदारांपैकी फक्त ९६ जणांची कर्जे माफ झाली होती. कोणाचे कर्ज जुन्या, बँकांमार्फत दिलेल्या प्रकारचे होते, कोणाची योजना माझ्यासारखी चुकीची होती, कोणाचे महिने कमी भरत होते. माझ्या एका सहकाऱ्याने दर महिन्याला दुप्पट रक्कम भरली, त्यामुळे त्याच्या खात्यावर पुढचे हप्ते ‘आगाऊ भरलेले’ दिसू लागले आणि तेव्हाच्या नियमांनुसार ते महिने मोजले गेले नाहीत. तो नियम पुढे सुधारला, परंतु त्याला ही गोष्ट कळली ती चार वर्षांनी. दरवर्षी दाखला दिला की मोजणी दरवर्षी समोर येते आणि चूक एका वर्षाच्या आत सापडते. मी प्रत्येक दाखल्याची, प्रत्येक हप्त्याच्या पावतीची आणि प्रत्येक पत्राची प्रत स्वतःच्या फाइलमध्ये ठेवली. वसुलीची कंपनी मध्येच बदलली आणि नव्या कंपनीकडे माझे नऊ महिने दिसेनात, तेव्हा त्या फाइलनेच ते परत मिळवून दिले.

माझे गेलेले तेरा महिने मात्र फाइलमुळे नव्हे, सरकारच्या तात्पुरत्या सवलतीमुळे परत आले. ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या काळात चुकीच्या योजनेतले हप्तेही मोजून घेतले गेले. मार्च २०२० पासून साथीच्या साडेतीन वर्षांत हप्ते स्थगित होते आणि मी नोकरीत असल्यामुळे ते शून्य डॉलरचे महिनेही धरले गेले. अशी सवलत पुन्हा मिळेल असे गृहीत धरून कोणी बेफिकीर राहू नये.

केंद्राच्या माफीखेरीज मदतीचे इतर प्रवाहही आहेत आणि ते एकमेकांत मिसळता येतात. सर्वांत मोठा प्रवाह विधी महाविद्यालयांचा. हार्वर्डने १९७८ मध्ये कमी पगाराच्या पदवीधरांचे हप्ते उचलण्याची योजना सुरू केली आणि पुढे अनेक महाविद्यालयांनी आपापल्या परतफेड-साहाय्य योजना आखल्या. काही ठिकाणी महाविद्यालय तुमचा उत्पन्नाधारित हप्ता भरते आणि बाकी पीएसएलएफमध्ये माफ होते, म्हणजे लोकसेवेत टिकून राहिलेल्या पदवीधराला खिशातून जवळजवळ काहीच द्यावे लागत नाही. माझ्या महाविद्यालयाची योजना तुटपुंजी होती आणि प्रवेश घेताना मी त्याविषयी विचारलेच नव्हते. तुम्ही विचारा : पगाराची मर्यादा किती, जोडीदाराचे उत्पन्न धरतात का, मध्येच नोकरी सोडली तर पैसे परत करावे लागतात का, आणि मागच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी किती जणांना प्रत्यक्षात रक्कम मिळाली. शिष्यवृत्तीचा आकडा सगळे पाहतात. या चार उत्तरांची किंमत कधी कधी त्याहून मोठी असते.

गरिबांच्या कायदेशीर मदतीसाठी केंद्राचा निधी वाटणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या अनुदानावर चालणाऱ्या कार्यालयांतील वकिलांसाठी हर्बर्ट गार्टन यांच्या नावाची योजना आहे. तिच्यातून वर्षाला ५,६०० डॉलरपर्यंत, तीन वर्षे मदत मिळू शकते, पण निवड सोडतीने होते आणि माझे नाव कधी निघाले नाही. पब्लिक डिफेंडर आणि राज्यांचे सरकारी वकील यांच्यासाठी जॉन आर. जस्टिस अनुदान आहे. त्यासाठी तीन वर्षे सेवेची हमी द्यावी लागते. केंद्रीय न्याय विभाग आपल्या निवडक वकिलांचे वर्षाला ६ हजार आणि एकूण ६० हजार डॉलरपर्यंत कर्ज फेडतो, त्यालाही तीन वर्षांचे बंधन आहे. याशिवाय अनेक राज्यांच्या बार फाउंडेशनांकडे, म्हणजे वकील संघटनांच्या धर्मादाय संस्थांकडे, लहान निधी असतात. वर्षाचे दोन-तीन हजार डॉलर क्षुल्लक समजू नका. पहिल्या दोन वर्षांत त्यातूनच हप्ते निघतात.

आता नव्या नियमांकडे येते, कारण माझी वाट तुम्हाला जशीच्या तशी मिळणार नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ कर्ज, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाच्या पूर्ण खर्चापर्यंत मिळणारे केंद्राचे कर्ज, १ जुलै २०२६ पासून बंद होते. कायद्याच्या विद्यार्थ्याला केंद्राकडून वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर मिळतील. महागड्या महाविद्यालयात यावर लागणारी रक्कम खासगी कर्जातून उभी करावी लागेल आणि खासगी कर्जाला पीएसएलएफ लागू नाही. म्हणून लोकसेवेत जायचा विचार असेल तर माझा स्पष्ट सल्ला असा की, केंद्राच्या मर्यादेत बसेल असेच महाविद्यालय निवडावे, नाव थोडे कमी मोठे असले तरी चालेल.

त्याच तारखेनंतर कर्ज घेणाऱ्यांसाठी उत्पन्नाधारित योजना एकच राहील, तिचे नाव रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन. तिच्यात दारिद्र्यरेषेची वजावट नाही. उत्पन्न वाढेल तसा एक ते दहा टक्के दर पूर्ण उत्पन्नावर लागतो. ५८ हजारांवर पाच टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे २४२ डॉलर. पण ६० हजारांची रेषा ओलांडली की दर सहा टक्के होतो आणि हप्ता २५० वरून एकदम ३०० होतो, तेव्हा निवृत्ती खात्यात थोडी अधिक रक्कम टाकून उत्पन्न रेषेखाली ठेवता येते का ते पाहावे. या योजनेतले महिने पीएसएलएफला धरले जातात. शिवाय शिक्षण विभागाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, ज्या संस्थांचा हेतू मोठ्या प्रमाणावर बेकायदा असल्याचे विभाग ठरवील त्या १ जुलै २०२६ पासून अपात्र होऊ शकतात. त्या नियमाला अनेक राज्यांनी न्यायालयात आव्हान दिले आहे. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी त्यामुळे अस्वस्थ आहेत, आणि मला त्यांची काळजी अगदी रास्त वाटते.

महाराष्ट्रातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी : केंद्राचे कर्ज नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांसारख्या ठरावीक प्रवर्गांनाच मिळते, त्यामुळे भारतातील बँकेच्या कर्जावर आलेल्याला पीएसएलएफचा उपयोग नाही. त्याने महाविद्यालयाच्या योजनेत परदेशी कर्ज धरतात का, हे लेखी विचारावे.

आता आमच्या कार्यालयात नोकरीच्या दाखल्यांवर सही करण्याचे काम माझ्याकडे आहे. फॉर्म ऑनलाइन भरला की सहीसाठीचा ईमेल संस्थेच्या अधिकाऱ्याला जातो आणि तो पुष्कळदा स्पॅममध्ये पडून राहतो. म्हणून नवीन वकील रुजू झाला की मी त्याच्याकडून पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी मागते : कर्जाचा प्रकार, परतफेडीच्या योजनेचे नाव, आणि फॉर्म पाठवल्याच्या दिवशी मला एक फोन.